टीवरच्या फटक्याचा विचार ग्रीनपासून सुरू व्हावा

मा. संपादक यांस,

सादर नमस्कार.

आपल्या क्रीडापुरवणीत नुकताच जगभरातील गोल्फ मैदानांवरील नामांकित टी शॉटविषयीचा, म्हणजे प्रत्येक होलच्या (मैदानाच्या अठरा भागांपैकी एकेका भागाच्या) आरंभीच्या जागेवरून, टीवरून, मारायच्या पहिल्या फटक्याविषयीचा सचित्र लेख प्रसिद्ध झाला. गोल्फच्या बातम्यांत विजेता, गुणसंख्या आणि बक्षिसाची रक्कम यांपलीकडे सहसा काही येत नाही; अशा वेळी मैदानाच्या आखणीला एवढी जागा दिल्याबद्दल आपले मनापासून आभार मानले पाहिजेत. तरीही लेख वाचून झाल्यावर एक गोष्ट मनाला खटकत राहिली. त्यात टी शॉटची थोरवी दोनच मापांनी मोजलेली होती : टीवरून दिसणारा देखावा किती भव्य आहे आणि चेंडू किती यार्ड हवेतून न्यावा लागतो. या दोन्ही गोष्टी आनंद देतात, याविषयी वाद नाही. परंतु आखणीच्या दृष्टीने उत्तम टी शॉट कशाला म्हणावे, याचे उत्तर त्यांत सापडत नाही, आणि ते कोठे सापडते हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याची जाणीव आहे. विषयाला त्याहून कमी जागेत न्याय देणे मला जमले नाही.

माझे म्हणणे असे की टीवरच्या फटक्याची गुणवत्ता टीवर उभे राहून ठरवता येत नाही, ती ग्रीनवरून, म्हणजे होलच्या शेवटी जेथे खळगा आणि झेंडा असतो त्या बारीक गवताच्या हिरवळीवरून, मागे वळून पाहिल्यावरच कळते. ग्रीनचा उतार कोणत्या दिशेला आहे, त्याच्या कोणत्या अंगाला बंकर (वाळूचा खड्डा) घुसलेला आहे, ते फेअरवेला (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला) सरळ आहे की तिरके, यांवरून फेअरवेची कोणती बाजू मोलाची हे ठरते. ती मोलाची बाजू गाठण्यासाठी खेळाडूला काही धोका पत्करावा लागतो का, आणि तो धोका न पत्करणाऱ्यालाही खेळण्याजोगा, पण थोडा अवघड मार्ग उरतो का, या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर तो टी शॉट चांगला. ग्रीन कोठूनही सारखेच सोपे किंवा सारखेच अवघड असेल, तर टीसमोर समुद्र असो की दरी, फटक्यात थरार असेल, विचार नसेल.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानावरील सतरावा होल, म्हणजेच रोड होल, आपल्या लेखातही होता. टीवरून पाहताना समोर जुन्या रेल्वे शेडच्या आकाराची बांधणी आणि तिच्यालगत हॉटेल दिसते. फेअरवे त्यांच्या आड उजवीकडे वळलेला असल्यामुळे बहुतांशी दिसतच नाही. छायाचित्रात हेच येते आणि इमारतीच्या कोपऱ्यावरून चेंडू मारण्याचे धाडस हाच या फटक्याचा प्राण आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात तो प्राण कितीतरी पुढे, ग्रीनजवळ आहे. तेथील ग्रीन लांबट, चिंचोळे आणि तिरके आहे. त्याच्या डाव्या अंगात रोड बंकर घुसलेला आहे आणि पलीकडच्या कडेला लागून रस्ता आणि त्यामागे दगडी भिंत आहे. फेअरवेच्या उजव्या बाजूने, म्हणजे मैदानाच्या हद्दीला अगदी खेटून, ज्याने चेंडू नेला त्याला ग्रीनची लांबी मोकळी मिळते. डावीकडे सुरक्षित राहिलेल्याला मात्र बंकर ओलांडून थेट रस्त्याच्या दिशेने मारावे लागते, आणि चेंडू जरा जास्त गेला तर तो रस्त्यावर जातो. उद्या कोणी रोड बंकर बुजवला आणि ग्रीन मोठे व सपाट केले, तर शेड तसाच राहील, हॉटेल तसेच राहील, छायाचित्रही तसेच येईल. पण उजवीकडे जाण्याचे कारणच नाहीसे होईल आणि हा जगप्रसिद्ध फटका एका साध्या कसरतीपुरता उरेल. २०१० च्या ओपन स्पर्धेसाठी येथील टी मागे नेऊन होलची लांबी ४५५ यार्डांवरून ४९५ यार्ड करण्यात आली. त्यामुळे फटका अधिक अवघड झाला, हे खरे. पण त्याचा अर्थ त्या चाळीस यार्डांच्या आधीपासूनच तेथे होता.

याच मैदानाच्या सोळाव्या होलवर प्रिन्सिपल्स नोज नावाचा बंकरांचा पुंजका फेअरवेच्या जवळजवळ मधोमध आहे आणि उजव्या हाताला जुन्या रेल्वेमार्गाची हद्द आहे. बंकर आणि हद्द यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात चेंडू ठेवणाऱ्याला ग्रीनकडे जाण्याचा चांगला कोन मिळतो. डावीकडे भरपूर मोकळी जागा आहे, पण तेथून पुढचा फटका कठीण होतो. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी इंग्लंडमधील वोकिंग क्लबच्या चौथ्या होलवर, जेथे उजवीकडे तसाच रेल्वेमार्ग आहे, स्टुअर्ट पॅटन आणि जॉन लो यांनी याच धर्तीवर फेअरवेच्या मध्यभागी बंकर खोदवले, तेव्हा सभासदांत मोठी नाराजी पसरली. सरळ मारलेल्या चेंडूला शिक्षा कशासाठी, हा त्यांचा आक्षेप होता. क्लबचे सभासद असलेले टॉम सिम्पसन हेही रागानेच ते बंकर पाहायला गेले. पाहिल्यावर त्यांना त्यामागचा विचार इतका पटला की पुढे त्यांनी गोल्फ मैदानांची आखणी हेच आपले जीवनकार्य केले. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी तो आक्षेप मात्र जिवंत आहे. आजही कोणत्याही क्लबात फेअरवेच्या मधोमध बंकर खोदण्याची सूचना मांडावी आणि विरोधाचे शब्द ऐकावेत. ते जवळपास तेच असतात.

त्या आक्षेपामागची समजूत अशी की फेअरवेचा मध्य हे टी शॉटचे स्वाभाविक बक्षीस आहे, आणि दोन्ही कडांना शिक्षा असावी. ही समजूत मान्य केली की आखणीकाराच्या हाती एकच साधन उरते : फेअरवे अरुंद करणे. १९५१ च्या यूएस ओपनसाठी आखणीकार रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी ओकलंड हिल्सच्या साउथ कोर्सची फेररचना केली, तेव्हा व्यावसायिक खेळाडूंचे चेंडू जेथे पडत त्याच अंतरावर दोन्ही बाजूंनी बंकर आणून फेअरवेची कंबर आवळली. संपूर्ण स्पर्धेत पारपेक्षा (ठरवून दिलेल्या अपेक्षित फटक्यांपेक्षा) कमी फटक्यांच्या फक्त दोनच फेऱ्या झाल्या, बेन होगन यांची अखेरची ६७ आणि क्लेटन हेफ्नर यांची ६९. होगन यांनी त्या मैदानाला राक्षस म्हटले आणि ते विशेषण कायमचे चिकटले. परीक्षा म्हणून ती कडक होती, हे निर्विवाद आहे. परंतु अशा परीक्षेत प्रत्येक टीवर एकच प्रश्न विचारला जातो, की तुम्ही सरळ मारू शकता का. कोठे मारावे हा प्रश्न कोणी विचारतच नाही. स्पर्धांसाठी मैदान सज्ज करणाऱ्या कितीतरी समित्यांनी पुढे याच मार्गाचे अनुकरण केले, आणि माझ्या मते आखणीच्या कलेचे त्यामुळे नुकसान झाले.

एवढे करूनही अरुंदपणाने अपेक्षित काम होतेच असे नाही. २०२० ची यूएस ओपन विंग्ड फूट मैदानावर झाली. फेअरवे चिंचोळे होते, रफ, म्हणजे फेअरवेबाहेरचे वाढू दिलेले गवत, दाट होते. ब्रायसन डिशॅम्बो यांनी चार फेऱ्यांतील ५६ पैकी केवळ २३ फेअरवे गाठले आणि तरीही पारपेक्षा सहा फटके कमी घेऊन ते जिंकले. पारच्या खाली स्पर्धा संपवणारे ते एकटेच होते. फेअरवे इतका अरुंद असेल की बहुतेकांचे चेंडू रफमध्येच जाणार, तर रफमधून आखूड अंतराचा लोखंडी क्लब (गोल्फची काठी) वापरू शकणारा, म्हणजे टीवरून सर्वांत लांब मारणारा, फायद्यात राहतो, हे सरळ गणित आहे. अचूकतेला मोल यावे म्हणून केलेल्या उपायाने ताकदीलाच मोल आले. याउलट पाइनहर्स्ट क्रमांक २ या मैदानावर आखणीकार बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी २०१०-११ मध्ये जीर्णोद्धाराचे काम केले, तेव्हा वर्षानुवर्षे वाढवलेले हिरवे रफ काढून टाकले, फेअरवे मूळ आखणीकार डोनाल्ड रॉस यांच्या काळाप्रमाणे पुन्हा रुंद केले आणि कडांना वाळू व रानगवत येऊ दिले. २०१४ मध्ये तेथे लागोपाठच्या दोन आठवड्यांत पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन झाली. रुंद फेअरवे असूनही ते मैदान कोणालाही सोपे वाटले नाही, कारण तेथील ग्रीन कडांना उतरती असल्यामुळे चुकीच्या बाजूने आलेला चेंडू वर ठरत नाही. रुंद फेअरवेवर चेंडू हरवत नाही, मात्र तो चुकीच्या जागी पडू शकतो. आणि चुकीच्या जागी पडल्याची जाणीव दुसरा फटका मारायला गेल्यावर होते, यातच खरी गंमत आहे.

आता अंतराविषयी. टीसमोर पाणी, दरी किंवा वाळू असावी आणि चेंडू त्यावरून हवेतून न्यावा लागावा, ही कल्पना मला नापसंत नाही; माझा आक्षेप आहे तो धोका टीला आडवा, काटकोनात टाकण्यावर. काटकोनातला अडथळा सर्व खेळाडूंना एकच आकडा सांगतो : एकशे ऐंशी यार्ड मारता येत असेल तर या, नसेल तर परत जा. जोरदार मारणाऱ्याला तो दिसतही नाही आणि कमी ताकदीच्या खेळाडूपुढे पर्यायच राहत नाही. हाच अडथळा तिरका टाकला की चित्र पालटते. आखणीकार चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्ड यांनी १९११ मध्ये औपचारिकरीत्या खुल्या झालेल्या, अमेरिकेतील नॅशनल गोल्फ लिंक्सच्या चौदाव्या होलवर आणि नंतर बर्म्युडातील मिड ओशन क्लबच्या पाचव्या होलवर पाणी असे तिरके घेतले आहे. टीपासून पाण्याची पलीकडची कड जसजशी दूर जाते, तसतसा पुढचा मार्ग लहान होत जातो. किती पाणी कापायचे हे प्रत्येकाने आपली ताकद, त्या दिवसाचा वारा आणि सामन्याची स्थिती पाहून स्वतः ठरवायचे. पन्नाशीच्या पुढचा हौशी खेळाडू आणि व्यावसायिक, दोघेही त्याच टीवर उभे राहून वेगवेगळ्या प्रश्नांना सामोरे जातात आणि दोघांचेही प्रश्न खरे असतात. रॉयल मेलबर्नच्या वेस्ट कोर्सचा सहावा होल आखणीकार अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांच्या १९२६ मधील ऑस्ट्रेलिया भेटीतून आकाराला आला. तेथे पाणी नाही. उजवीकडच्या वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर तिरपे रचलेले बंकर तेच काम वाळूने करतात, आणि त्यांत पडलेला चेंडू निदान शोधून खेळता तरी येतो.

मॅकेंझी यांचाच सायप्रेस पॉइंटचा सोळावा होल आपल्या लेखात अग्रस्थानी होता आणि त्याच्या छायाचित्राखाली केवळ समुद्रावरील अंतराचा उल्लेख होता. तो पार-३, म्हणजे तीन फटक्यांत संपवणे अपेक्षित असलेला होल, असल्यामुळे तेथे टी शॉट हाच ग्रीनकडचा फटका असतो, म्हणून त्याचा विचार थोडा निराळा करावा लागतो. तेथे पाण्यावरून दोनशेहून अधिक यार्ड मारणे शक्य आहे का, अशी शंका असताना मैदानाच्या उभारणीमागील कर्तबगार महिला आणि १९२१ च्या यूएस महिला हौशी स्पर्धेच्या विजेत्या मेरियन हॉलिन्स यांनी स्वतः चेंडू मारून दाखवला, असे सांगितले जाते. परंतु लेखातून सुटलेली गोष्ट अशी की या होलवर डावीकडे जमिनीचा सुरक्षित पट्टा ठेवलेला आहे. तेथे चेंडू ठेवून, मग ग्रीनवर जाऊन, एका पटने, म्हणजे ग्रीनवरच्या एका हलक्या फटक्याने, पार करता येते. तो पट्टा नसता तर हा होल एक धाडसाचा खेळ झाला असता. तो आहे म्हणून टीवर उभ्या असलेल्या माणसाला स्वतःशी खरे बोलावे लागते.

याच ओघात पुढच्या टींविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हा भाग बहुतेक चर्चांतून गळतो. बहुसंख्य मैदानांवर मागच्या टीचा विचार बारकाईने केलेला असतो आणि महिला, ज्येष्ठ व नवशिके यांच्यासाठीच्या टी त्याच रेषेत सोयीस्कर जागा पाहून पुढे मांडलेल्या असतात. परिणाम असा होतो की मागच्या टीवरून जो बंकर निर्णायक, तो पुढच्या टीवरून एक तर सहज मागे पडतो किंवा अजिबात आवाक्यात येत नाही. म्हणजे या खेळाडूंना अंतराची सवलत मिळते, पण प्रश्न मिळत नाही. अ‍ॅलिस डाय या स्वतः उत्तम खेळाडू आणि आखणीकार होत्या आणि अमेरिकेच्या गोल्फ मैदान आखणीकारांच्या संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या. कमी अंतर मारणाऱ्यांसाठी स्वतंत्र विचाराने टी आखल्या पाहिजेत, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. पुढची टी थोडी डावीकडे किंवा उजवीकडे, वेगळ्या कोनात ठेवली, तर तोच तिरका अडथळा एकशे तीस यार्ड मारणाऱ्या खेळाडूलाही तेवढाच विचार करायला लावू शकतो. आपल्या लेखातील एकही टी शॉट या दृष्टीने पाहिलेला नव्हता, याचे मला खरोखर वाईट वाटले.

टीवरून काय दिसते आणि काय दिसू नये, हा आखणीतला सर्वांत नाजूक भाग आहे. पीट डाय यांनी आखलेल्या टीपीसी सॉग्रास मैदानाच्या अठराव्या होलवर टीपासून ग्रीनपर्यंत डाव्या बाजूला अखंड पाणी आहे आणि टीवरून ते असे भिडते की उजवीकडे जागा आहे हेच खेळाडू विसरतो. येथे भीती दिसते, पण ती अर्थपूर्ण आहे, कारण पाण्याच्या कडेने गेलेल्याला ग्रीन जवळ येते आणि मोकळे मिळते, तर उजवीकडे पळालेल्याला झाडे आणि उंचवटे यांतून वाट काढावी लागते. याच्या अगदी उलट टोकाला ओल्ड कोर्सचा बारावा होल आहे, जेथे टीवरून पाहिले तर समोर निव्वळ मोकळे रान भासते आणि फेअरवेच्या मध्यातले बंकर मुळीच दिसत नाहीत. हे मैदान पूर्वी उलट्या दिशेनेही खेळले जाई आणि त्या दिशेने येणाऱ्याला ते बंकर समोर दिसत, हे त्याचे कारण. नवीन मैदानावर कोणी मुद्दाम असे लपवलेले बंकर केले तर मी त्याचे समर्थन करणार नाही. परंतु एकदा माहीत झाल्यावर तेथे प्रत्येक वेळी नव्याने निर्णय घ्यावा लागतो, हेही मान्य केले पाहिजे. उत्तर आयर्लंडमधील रॉयल काउंटी डाउन मैदानावर वाळूच्या टेकड्यांवरून न दिसणाऱ्या फेअरवेकडे मारावे लागते आणि दिशा दाखवण्यासाठी टेकडीवर पांढरे रंगवलेले दगड ठेवलेले असतात. न दिसणारा फटका म्हणजे सदोष फटका, असा आता जवळपास नियमच झाला आहे. मला तो फार कठोर वाटतो. टेकडीपलीकडचा फेअरवे रुंद आणि सामावून घेणारा असेल, तर डोळ्यांऐवजी आपल्या फटक्यावर विश्वास ठेवायला लावणारा एखादा होल मैदानात असायला हरकत नसावी, एखादाच मात्र.

जमिनीचा उतार हे असे साधन आहे की ज्याला एक दमडीही लागत नाही आणि ज्याची दखल छायाचित्र घेऊच शकत नाही. ऑगस्टा नॅशनलच्या तेराव्या होलवर डावीकडे ओढा आहे आणि फेअरवे उजवीकडून त्याच्याकडे उतरत जातो. ओढ्याच्या जवळ धाडसाने गेलेल्याला ग्रीनपर्यंतचे अंतर कमी उरते आणि उभे राहायला बऱ्यापैकी सपाट जागा मिळते. उजवीकडे दूर राहिलेल्या, उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू मात्र पायांपेक्षा उंच पातळीवर असतो. तेथून मारलेला फटका डावीकडे ओढला जातो आणि ग्रीनसमोरचा ओढा तर ओलांडायचाच असतो. म्हणजे या होलवर टी शॉटचे बक्षीस कोन आणि अंतर यांच्या जोडीला पायाखालची जमीनही आहे. मोठ्या खेळाडूंचे फटके इतके लांबले की हा सारा हिशेब निरर्थक होऊ लागला, म्हणून २०२३ मध्ये टी मागे नेऊन होल ५१० यार्डांवरून ५४५ यार्डांचा करावा लागला.

येथे एका गंभीर हरकतीचे उत्तर देणे मी टाळणार नाही. कोलंबिया विद्यापीठाचे प्रा. मार्क ब्रॉडी यांनी फटक्यांच्या प्रचंड नोंदींचा अभ्यास करून जी स्ट्रोक्स गेन्ड पद्धत, म्हणजे प्रत्येक फटक्याने किती फायदा झाला ते मोजण्याची पद्धत, विकसित केली, तिच्यामुळे टीवरून मिळवलेल्या अंतराचे मोल पूर्वी मानले जाई त्यापेक्षा बरेच अधिक असल्याचे सिद्ध झाले. त्यावरून काही विश्लेषक असे म्हणतात की ग्रीनकडे जाण्याचा कोन वगैरे जुन्या आखणीकारांच्या कविकल्पना आहेत. शक्य तितका लांब आणि धोक्यापासून दूर मारा, एवढेच खरे. आजच्या बहुतेक स्पर्धा-मैदानांपुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याचे कारण जमिनीत आहे. ग्रीन पाणी पाजून मऊ ठेवलेले असेल, तर उंचावरून आलेला, फिरक घेतलेला चेंडू पडल्या जागी थांबतो. मग तो डावीकडून आला काय आणि उजवीकडून आला काय, सारखेच. ग्रीन कडक आणि कोरडे असेल, तर चेंडू टप्पा घेऊन पुढे धावतो, आणि ज्या बाजूने धावायला जागा आहे त्या बाजूने येणाऱ्यालाच तो थांबवता येतो. तात्पर्य, आखणीकाराने कागदावर कितीही सुंदर टी शॉट काढला तरी त्याचे मोल पुढे रोज पाणी सोडणाऱ्या माणसाच्या हातात असते. मैदान हिरवेगार दिसावे या हट्टापायी जेथे अखंड पाणी मारले जाते, तेथे उत्तम टी शॉट हळूहळू मरतात. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा मैदानाचा दहावा होल या सगळ्या चर्चेचा निचोड म्हणता येईल. जॉर्ज थॉमस यांनी १९२० च्या दशकात आखलेला हा पार-४ केवळ ३१५ यार्डांचा आहे. आजचा प्रत्येक व्यावसायिक खेळाडू तेथे ग्रीनपर्यंत पोहोचू शकतो आणि तरीही काय करावे यावर त्यांच्यात एकमत नाही. ग्रीन अतिशय चिंचोळे असून डावीकडून उजवीकडे तिरके मागे जाते, त्याला बंकरांचा वेढा आहे. फेअरवेच्या डाव्या बाजूला आखूड फटका ठेवला तर ग्रीनची लांबी समोर येते; सरळ ग्रीनच्या दिशेने मारून उजवीकडे चुकले तर अवघ्या तीस-चाळीस यार्डांवरूनही चेंडू ग्रीनवर ठरवणे कठीण होऊन बसते. येथे समुद्र नाही, दरी नाही, अनिवार्य अंतर नाही. टीवरून जवळजवळ सगळे काही दिसते. धोका आहे तो मोहात. आपल्या लेखाच्या यादीत हा होल नव्हता, आणि ज्या मापांनी यादी केली होती त्या मापांनी तो येणे शक्यही नव्हते.

आणखी एक बाब थोडक्यात. कोणताही टी शॉट एकटा नसतो. पार-३ वगळता सर्वसाधारण मैदानावर चौदा टी शॉट असतात आणि त्यांची संगती लावणे हे आखणीकाराचे मोठे काम असते. कोठे डावीकडून उजवीकडे जाणारा फटका मागावा, कोठे त्याच्या उलट, कोठे ड्रायव्हर (सर्वांत लांब मारण्याचा क्लब) पिशवीतच ठेवण्याचा विचार मनात आणावा आणि कोठे मनमोकळेपणाने मारू द्यावे, याचा क्रम चुकला तर चौदा उत्तम फटक्यांचेही मैदान थकवणारे होते. पहिल्या टीवर तर सौम्यपणाच बरा, असे मी म्हणेन; तरी स्कॉटलंडमधील मॅक्रिहॅनिशचा पहिला टी शॉट, जेथे समुद्रकिनाऱ्याचा तिरका तुकडा कापावा लागतो, आणि प्रेस्टविकचा, जेथे उजव्या हाताला शेवटपर्यंत रेल्वेची भिंत सोबत करते, हे दोन्ही मला त्या नियमाचे सन्माननीय अपवाद वाटतात, कारण दोन्हींत सुरक्षित जागा स्पष्ट दिसते आणि ती निवडल्यास होल हातचा जात नाही.

हे सर्व आजच लिहिण्याचे कारण आहे. अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांच्या पीजीए टूरवर टी शॉटचे सरासरी अंतर १९८० मध्ये सुमारे २५७ यार्ड होते, ते २०२३ मध्ये सुमारे ३०० यार्डांवर पोहोचले. डिसेंबर २०२३ मध्ये यूएसजीए आणि आर अँड ए या नियामक संस्थांनी चेंडूची चाचणी अधिक कडक करण्याचे, म्हणजे अंतराची मर्यादा तीच ठेवून ती क्लबच्या ताशी १२० मैलांऐवजी १२५ मैल वेगाने घेण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यावर बराच गदारोळ झाला आणि आपल्या वृत्तपत्रातही तो वाद 'लांब फटक्यांवर घाला' अशा रोखाने मांडला गेला. त्या वादाची दुसरी बाजू वाचकांपुढे आली नाही. शंभर वर्षांपूर्वी दोनशे-सव्वादोनशे यार्डांवर विचारपूर्वक ठेवलेला बंकर आता वरून उडवला जातो. मग टी मागे न्यावी लागते, त्यासाठी जमीन घ्यावी लागते, ती मिळत नसेल तर फेअरवे आवळावे लागतात किंवा झाडे लावावी लागतात, आणि प्रत्येक उपायाने हौशी खेळाडूचा टी शॉट थोडा अधिक निरस होतो. चेंडूचे अंतर काहीसे आवरले तर ते जुने बंकर पुन्हा निर्णायक होतील, म्हणून मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे.

आपणास एक विनंती आहे. मोठ्या स्पर्धांच्या वेळी आपण दररोज सर्वांत लांब टी शॉटचा आकडा चौकटीत छापता. तो अवश्य छापावा. मात्र त्याच्याशेजारी त्या दिवसाच्या एखाद्या होलचा साधा आराखडा द्यावा, ज्यात ग्रीनवरील झेंड्याची जागा, ग्रीनच्या कोणत्या बाजूला बंकर आहे आणि आघाडीच्या तीन-चार खेळाडूंचे टी शॉट फेअरवेवर कोठे थांबले, हे दाखवलेले असेल. एवढी माहिती मिळाली तर दोनशे ऐंशी यार्डांवर थांबलेला फटका तीनशे वीस यार्डांच्या फटक्यापेक्षा सरस का ठरला, हे वाचकाला स्वतःच पडताळून पाहता येईल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक